बातमीची पारख : खेड्यातील शिक्षकाचे एक नवे कर्तव्य

खेड्यातील शिक्षकाचे काम शाळेच्या चार भिंतींत संपत नाही. आलेले पत्र वाचून दाखविणे, अर्ज लिहून देणे, सरकारी कागदाचा अर्थ उलगडून सांगणे ही कामे गाव आजवर त्याच्याकडूनच करून घेत आले आहे. परभणीहून आलेले वृत्तपत्र पूर्वी गावात एकदोघांच्या हाती पडे व इतर मंडळी ते त्यांच्याकडून वाचून घेत. आज परिस्थिती पालटली आहे. परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णीसारख्या गावात औत हाकणाऱ्याच्या खिशातही मोबाइल असतो आणि सूर्योदयापूर्वीच त्यावर पाच-पंचवीस संदेश येऊन पडलेले असतात. त्यांत बातमी असते, प्रचार असतो, चेष्टा असते आणि केवळ असत्यही असते. चौघांचा पोशाख मात्र एकच असतो.

अशा वेळी गाव पुन्हा शिक्षकाकडेच पाहते. "गुरुजी, हे खरे का?" हा प्रश्न त्यास वारंवार ऐकावा लागतो. शिक्षकाने एखादा संदेश गावच्या ग्रुपवर पाठविला, की तो मूळ कोणाचा होता हे विसरले जाते व "गुरुजींनी सांगितले" एवढेच उरते. यास्तव, विशेषतः राजकीय स्वरूपाच्या बातमीची पारख कशी करावी, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करून ठेवणे अगत्याचे झाले आहे.

पक्ष आणि असत्य

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. एखादे पत्र किंवा वाहिनी कोणत्या तरी पक्षाकडे झुकलेली आहे, एवढ्यावरून तिचे प्रत्येक वाक्य खोटे ठरत नाही. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास हा बव्हंशी पक्ष घेणाऱ्या पत्रांचाच इतिहास होय. कृष्णराव भालेकरांचे 'दीनबंधु' (१८७७), टिळक-आगरकरांनी सहकाऱ्यांसह काढलेला 'केसरी' (१८८१), मतभेदानंतर आगरकरांनी काढलेला 'सुधारक' (१८८८), डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' (१९२०) ही सर्व पत्रे निश्चित मताची होती. परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतातील विलीनीकरणाचा पक्ष उघडपणे घेतला व ऑगस्ट १९४८ मध्ये त्यापायी प्राण गमावले. पक्ष घेणे हा दोष असता, तर या साऱ्यांना दोषी म्हणावे लागेल. त्यांनी आपली बाजू लपविली नाही आणि लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी स्वीकारली, हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

तथापि प्रामाणिक मनुष्यही फसतो, हे सांगणारे उदाहरण त्याच इतिहासात आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याची वार्ता महाराष्ट्रात पसरली, तेव्हा 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली व त्यांच्या नावाची म्हणून मिळालेली काही पत्रे प्रसिद्ध केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. पत्रे बनावट असल्याचे दिसून आले. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी त्यांना शिक्षा झाली आणि १८८२ मध्ये त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

या प्रसंगातून दोन बोध घेता येतात. पहिला असा, की ज्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यास मन अगोदरच तयार असते, तिचा पुरावा तपासण्यात बुद्धी ढिली पडते. टिळक-आगरकरांसारख्या कुशाग्र पुरुषांची जी गत झाली, ती सामान्य वाचकाची होणार नाही असे कोणी समजू नये. दुसरा असा, की छापील पत्रावर संपादकाचे व मुद्रकाचे नाव होते, म्हणून न्यायालयाला कोणाला तरी जाब विचारता आला. मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्यात होते. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. मोबाइलवर हातोहात फिरणाऱ्या संदेशाला मात्र ना मुद्रक, ना प्रकाशक. त्याचा बाप कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही.

गडचिंचले येथील दोन असत्ये

निनावी बातमीचे मोल काय पडते, हे महाराष्ट्राने २०२० साली पाहिले. टाळेबंदीच्या दिवसांत, १६ एप्रिलच्या रात्री, मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जमावाने अडविले आणि पोलिसांच्या समक्ष ठार मारले. मुले पळविणारे व चोर रात्री फिरत आहेत, अशी अफवा त्या भागात अगोदरच पसरली होती. हे पहिले असत्य. त्याने तीन निरपराध जीव घेतले.

दुसरे असत्य त्यानंतर आले. घटनेच्या चित्रफिती दोन-तीन दिवसांनी देशभर पसरल्या, तेव्हा मारणारे विशिष्ट धर्माचे होते, असे अनेकांनी ठासून सांगितले. चित्रफितीतील एका अस्पष्ट आरोळीत मुसलमान नाव ऐकू येते, हा त्यांचा पुरावा. ती आरोळी नीट ऐकणाऱ्यांनी तीत 'बस, बस' असे शब्द असल्याचे दाखवून दिले. २२ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच प्रसिद्ध केली; तीत एकही मुसलमान नव्हता. दरम्यान, ते गाव अमुक पक्षाचे आहे, तमुक पक्षाचे आहे, असे एकमेकांवर दोषारोप करण्याचे काम निरनिराळ्या पक्षांचे समर्थक करीतच होते.

येथे नीट पाहिले पाहिजे. तीन माणसे मारली गेली ही घटना खरी होती. चित्रफीतही खरी होती. खोटा होता तो तिला जोडलेला अर्थ. राजकीय असत्याची ही नेहमीची रीत आहे. ते पूर्ण खोटे क्वचितच असते. खऱ्या खांबाला खोटी वेल बांधलेली असते. म्हणून "फोटो खरा आहे ना?" एवढे विचारून भागत नाही. फोटो खरा असेल, पण त्याखाली लिहिलेले वाक्य खरे आहे काय, हे निराळे विचारावे लागते.

पारखीचे सहा प्रश्न

बातमी समोर आली असता पुढील सहा प्रश्न क्रमाने विचारावेत. ते पाठ करण्यास सोपे असून इयत्ता सहावी-सातवीच्या मुलांनाही समजण्याजोगे आहेत.

१. सांगणारा कोण? लेखकाचे वा संपादकाचे नाव, कार्यालयाचा पत्ता, पूर्वी झालेल्या चुकांची दुरुस्ती छापण्याची सवय, या गोष्टी आहेत काय ते पाहावे. पानाचे नाव वृत्तपत्रासारखे आहे एवढ्याने ते वृत्तपत्र होत नाही. प्रसिद्ध दैनिकाचे चिन्ह चिकटवून बनावट बातमी तयार करणे आज कोणासही जमते. म्हणून त्या दैनिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती बातमी आहे काय, हे पाहणे उत्तम. तसेच नाव-गाव असले म्हणजे सर्व झाले असेही नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमीच्या रूपाने छापल्याच्या तक्रारी नामांकित छापील पत्रांविरुद्धच झाल्या होत्या. सांगणाऱ्याचे पोट कशावर भरते, हेही म्हणून पाहावे. ज्या वाहिनीचे उत्पन्न प्रेक्षकसंख्येवर अवलंबून असते, तिला लोकांचा संताप जागता ठेवण्यातच लाभ असतो.

२. घटना कोणती व मत कोणते? समजा, गावात पाण्याची टाकी मंजूर झाली. एक पान लिहील, "लोकनेत्यांच्या प्रयत्नाने गावाची तहान भागली." दुसरे लिहील, "जनतेच्या रेट्यापुढे अखेर सरकार झुकले." घटना एवढीच, की टाकी मंजूर झाली, पाणी अजून कोणाच्याही घागरीत पडलेले नाही. मंजुरीची तारीख व रक्कम ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाहता येते. तहान भागल्याचे वा सरकार झुकल्याचे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. जे दप्तरात, पंचनाम्यात, निकालपत्रात वा मोजमापात सापडू शकते ती घटना. उरलेले ते मत. मत बाळगण्यास हरकत नाही, मात्र ते घटनेच्या भावाने विकत घेऊ नये.

३. मूळ कोठे आहे? एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांची एक चित्रफीत फिरली. तीत ते अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण रद्द करण्याची भाषा करीत आहेत, असे दिसत होते. मूळ भाषण एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणात झालेले होते व त्यात त्या राज्यातील मुसलमानांचे आरक्षण काढण्याविषयी ते बोलले होते. वाक्ये कापून जोडली, की वक्त्याच्या तोंडी हवे ते घालता येते. म्हणून पंधरा सेकंदांचा तुकडा मिळाला, तर पूर्ण भाषण शोधावे. ते सापडेपर्यंत निर्णय राखून ठेवावा.

४. वेळ कोणती? २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान होते. आदल्या दिवशी सुप्रिया सुळे व नाना पटोले यांच्या आवाजातील म्हणून काही ध्वनिफिती प्रसृत झाल्या व भारतीय जनता पक्षाच्या अधिकृत खात्यावरूनही त्या दाखविल्या गेल्या. दोघांनीही तो आवाज आपला नसल्याचे सांगितले. पडताळणी करणाऱ्यांनी तपासल्यावर त्यांतील बहुतेक आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले असावेत, असे दिसून आले. मात्र तोवर मतदानाची घटिका येऊन ठेपली होती. तपासण्यास सवड मिळू नये अशा बेताने जी बातमी येते, तिच्याविषयी दुप्पट सावध असावे. "ताबडतोब सर्वांना पाठवा" हे शब्द धोक्याची खूण समजावेत. वरील दोन उदाहरणे परस्परविरोधी पक्षांच्या नेत्यांसंबंधीची आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे हा रोग कोणा एका पक्षाचा नाही हे पटेल.

५. विरुद्ध बाजू काय म्हणते? एकाच पक्षाकडे झुकलेली दहा पाने वाचली, तरी साक्षीदार एकच असतो. त्यापेक्षा परस्परविरोधी मतांची दोन पत्रे वाचावीत. दोन्ही पत्रे जे सारखेच सांगतात, ते बहुधा घडलेले असते. ज्यावर ती भांडतात, ते तपासण्याजोगे असते. एखाद्या पत्राने आपल्याच पक्षाला अडचणीची बातमी दिली असेल, तर तिचे वजन अधिक मानावे.

६. हे मला का आवडले? हा प्रश्न सर्वांत कठीण व सर्वांत महत्त्वाचा होय. नावडत्या बातमीत मनुष्य दहा चुका शोधतो, आवडत्या बातमीत एकही पाहत नाही. त्यामुळे जो संदेश वाचून "बघा, मी म्हणतच होतो" असे मनात येईल, त्यालाच वरील पाच प्रश्न सर्वांत कसून विचारावेत. डोंगरीच्या तुरुंगाची वाट अशाच एका आवडत्या कागदावरून गेली होती.

सरकारी शब्दाचे वजन

काही शिक्षक विचारतील, एवढ्या खटाटोपापेक्षा सरकार सांगेल ते खरे मानले तर काय बिघडले? शासकीय आकडे, राजपत्र, निवडणूक आयोगाचे निकाल, हवामान खात्याची सूचना यांस मोठे वजन आहे, यात शंका नाही. परंतु जेथे शासन स्वतःच वादातील एक पक्ष असते, तेथे त्याचे निवेदन ही एका बाजूची साक्ष होय.

याचे उदाहरण जिल्ह्यातच घडले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. आणि १५ डिसेंबर रोजी, त्या प्रकरणी अटक झालेल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी अमानुष मारहाण केली नसल्याचे शासनाने विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नमूद होते. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. संतप्त मनाने त्या दिवसांत जे जे फिरले ते सर्व खरे होते असा याचा अर्थ नाही. गुन्हा नोंदविण्याचा आदेश म्हणजे दोषसिद्धीही नव्हे. परंतु निवेदन, वैद्यकीय अहवाल, चौकशी आणि न्यायालयाचा आदेश या निरनिराळ्या वजनाच्या वस्तू आहेत व त्या एका तराजूत एकदम टाकू नयेत, हे यावरून स्पष्ट होते.

केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे शासनाच्याच पथकाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये करण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द ठरविली. तात्पर्य, खऱ्या-खोट्याच्या निवाड्याचा भार नागरिकाला दुसऱ्या कोणावर सर्वस्वी टाकून देता येत नाही. तो भार पेलण्यास नागरिकाला तयार करणे हे शाळेचे काम आहे.

वर्गात करावयाचे पाठ

या विषयासाठी निराळा तास नको व निराळे साहित्यही नको. पुढील तीन पाठ भाषा व परिसर अभ्यास यांच्या तासाला सहज घेता येतील.

पहिला पाठ कापलेल्या चित्राचा. नृसिंह जयंतीला मंदिरात जमलेल्या गर्दीचे किंवा 'पोखर्णी नृसिंह' स्थानकाच्या फलाटाचे छायाचित्र घ्यावे. कागदाची पट्टी ठेवून त्यातील कळस अथवा स्थानकाची पाटी झाकावी व मुलांना विचारावे, "ही गर्दी कसली? हे गाव कोणते?" कोणी मोर्चा म्हणेल, कोणी सभा म्हणेल, कोणी बाजार. मग पट्टी काढावी. चौकटीबाहेर काय ठेवले आहे, हे विचारण्याची सवय मुलांना एका तासात लागते.

दुसरा पाठ कानगोष्टीचा. रांगेतील पहिल्या मुलाच्या कानात एक वाक्य सांगावे व ते शेवटच्या मुलापर्यंत जाऊ द्यावे. वाक्याचे काय झाले, ते फळ्यावर लिहावे. कोणीही मुद्दाम खोटे बोलले नाही, तरी वाक्य बदलले, हे मुलांच्या तोंडूनच वदवून घ्यावे.

तिसरा पाठ दोन रंगांचा. एकाच घटनेच्या दोन पत्रांतील बातम्या वरच्या वर्गातील मुलांस द्याव्यात. घटनेच्या वाक्यांखाली निळी व मताच्या वाक्यांखाली तांबडी रेघ ओढावयास सांगावी. लहान मुलांसाठी क्रीडास्पर्धा, पाऊस, शाळेचे स्नेहसंमेलन असेच विषय निवडावेत. पक्षांची नावे वर्गात आणण्याचे कारण नाही.

शिक्षकाचे स्वतःचे वर्तन

जिल्हा परिषदेच्या सेवकांना १९६७ च्या वर्तणूक नियमांनुसार राजकारणात भाग घेण्यास मनाई आहे, हे सर्वांस विदित आहेच. नियमापलीकडेही एक कारण आहे. शाळेत सर्व मतांच्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसतात. शिक्षक अमुक बाजूचा आहे असे गावाला एकदा वाटले, की त्याने केलेली पारख निरुपयोगी होते. तो खरे सांगत असला तरी निम्मे गाव ते मानीत नाही.

दुरुस्ती करतानाही तारतम्य असावे. वडीलधाऱ्या मनुष्याने खोटा संदेश पाठविला असता त्यास भर ग्रुपवर खोटे पाडल्याने तो सुधारत नाही, दुखावला मात्र जातो. त्यापेक्षा समक्ष भेटून, "आबा, ही चित्रफीत कोणत्या गावची आहे ते जरा पाहू या का?" असे म्हणावे व त्यांच्यासमोरच शोध घ्यावा. शोधाची रीत त्यांनी एकदा पाहिली, की पुढच्या वेळी ते आपण होऊन विचारतील. ज्या संदेशाची खातरी पटली नाही, तो पुढे न पाठविणे हे तर प्रत्येकाच्या हातचे आहे. "मला ठाऊक नाही, कळले की सांगतो," हे उत्तर देण्यात शिक्षकाला कमीपणा मानण्याचे कारण नाही. गावाला ते उत्तर ऐकण्याची सवय लागली, तर अफवेचा निम्मा जोर तेथेच ओसरेल.

केंद्राच्या येत्या शिक्षण परिषदेला प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावात फिरलेला एक संदेश सोबत आणावा. त्याला वरील सहा प्रश्न विचारून काय निष्पन्न झाले, ते चार ओळींत लिहून ठेवावे व मंडळींसमोर मांडावे. शक्य तर तो संदेश स्वतःला पटलेल्या मतांच्या बाजूचाच निवडावा.